विमानात शेजारच्याचं तिकीट निम्म्यात कसं येतं

प्रश्न थोडक्यात असा आहे, की एकाच फ्लाइटमध्ये शेजारी बसलेल्या माणसाने तुमच्यापेक्षा निम्मे पैसे भरले होते, शिवाय तिकीट शोधताना तासाभरात तुमच्या डोळ्यांसमोर भाडं वाढलं, तर कंपन्या आपलं सर्चिंग बघून भाव चढवतात का आणि स्वस्त तिकीट काढायची नेमकी वेळ कुठली. मी या धंद्यात वीसेक वर्षं काढली, आधी तिकिटाच्या काउंटरवर आणि नंतर भाडी सांभाळणाऱ्या डिपार्टमेंटमध्ये, त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात. उत्तर लांबेल, पण नीट सांगतो, कारण या विषयावर फिरणारे बरेच सल्ले जुने झालेत आणि काही तर सरळ नुकसान करणारे आहेत.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की विमानाचं भाडं अंतराचं नसतं आणि सीटचंही नसतं, ते अटींचं असतं. इकॉनॉमीतल्या सगळ्या सीटा सारख्याच, पण सिस्टीममध्ये त्याच सीटा दहाबारा वेगवेगळ्या क्लासमध्ये वाटलेल्या असतात, प्रत्येक क्लासला इंग्रजी अक्षर, वाय, बी, एम, के, क्यू वगैरे. वाय म्हणजे बहुतेक ठिकाणी इकॉनॉमीचं पूर्ण भाडं, हवं तेव्हा बदला, कॅन्सल करा, पैसे परत. खाली खाली जावं तशी भाडी उतरतात आणि अटी वाढतात, इतके दिवस आधी काढायचं, बदलायला दंड, रिफंड नाही, बॅग वेगळी. एजंटच्या स्क्रीनवर ते वाय ९, बी ९, एम ४, क्यू ० असं दिसतं, त्यातला ९ म्हणजे नऊ किंवा त्याहून जास्त आणि ० म्हणजे तो क्लास बंद. तुमच्या शेजारच्याने क्यू उघडा असताना घेतलं, तुम्ही आलात तेव्हा एम उरला होता. दोघांना सीट तीच, पण हातात पडलेली कागदपत्रं वेगळी, आणि कदाचित तुमचं तिकीट बदलता येणारं होतं आणि त्याचं नव्हतं. ते एकदा उघडून बघा.

पूर्वी असं नव्हतं. अमेरिकेत १९७८ पर्यंत देशांतर्गत भाडी सरकारी बोर्डाच्या मंजुरीने ठरायची, त्या वर्षी कायदा करून ते मोकळं केलं आणि भाड्यांची खरी स्पर्धा सुरू झाली. पीपल एक्सप्रेस नावाची कंपनी १९८१ मध्ये आली आणि तिने भाडी इतकी खाली नेली की मोठ्या कंपन्यांना तिच्याशी सरळ भिडणं परवडेना. मग अमेरिकन एअरलाइन्सने १९८५ च्या जानेवारीत आपलीही भाडी तितकीच खाली आणली, पण सगळ्या सीटांवर नाही, ज्या सीटा एरवी रिकाम्या जाणार असा अंदाज होता तेवढ्याच, आणि त्याही आधीपासून बुक करणाऱ्यालाच. बाकीच्या सीटा शेवटच्या क्षणी धावत येणाऱ्यासाठी पूर्ण भाड्यात राखून ठेवल्या. १९८७ पर्यंत पीपल एक्सप्रेस दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन संपली होती. आज जगात जवळपास प्रत्येक एअरलाइन हेच करते, फक्त तेव्हा माणसं करायची ते आता बरंचसं कॉम्प्युटर करतो.

आता कुठली सीट राखायची आणि कुठली विकून टाकायची हे कसं ठरतं, ते समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं. १९७२ साली ब्रिटनच्या बीओएसी या एअरलाइनमध्ये केन लिटलवुड यांनी एक साधा नियम मांडला होता. समजा पूर्ण भाडं १०० आणि स्वस्त भाडं ४०. समोर ४० देणारा उभा आहे. नंतर १०० देणारा येईल याची शक्यता ४० टक्क्यांहून जास्त वाटत असेल तर समोरच्याला नाही म्हणायचं आणि सीट राखायची, कमी वाटत असेल तर ४० घेऊन मोकळं व्हायचं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये असं आपण म्हणतो, आणि भाडी सांभाळणाऱ्या डिपार्टमेंटमध्ये दिवसभर हाच हिशोब चालतो की पळत्याच्या पाठी लागायचं की हातचं घ्यायचं. कारण दरवाजा बंद झाला की रिकामी सीट म्हणजे गेलेला माल, उद्या विकता येत नाही.

त्यावरून हेही कळेल की शेवटच्या क्षणी भाडं पडेल म्हणून थांबणं बहुतेक वेळा अंगाशी का येतं. शेवटच्या दिवसांत येणारा गिऱ्हाईक सहसा गरजू असतो, मीटिंग, परीक्षा, घरातलं आजारपण, आणि सिस्टीमला जुन्या आकड्यांवरून ते पक्कं माहीत असतं. आपण रोज शेवटच्या क्षणी सीटा स्वस्तात विकायला लागलो तर लोक थांबायला शिकतील, मग आधी कोण घेणार, ही भीती कंपनीला असते. म्हणून बऱ्याचदा सीट रिकामी जाऊ देतात पण भाव पाडत नाहीत. सुट्टीच्या जागांना जाणाऱ्या काही फ्लाइट्स याला अपवाद असतात, तिथे धावत येणारा पूर्ण भाड्याचा प्रवासी मुळात कमी.

आता कुकीजचं, म्हणजे तुमचं सर्चिंग लक्षात ठेवायला साइट्स ब्राउझरमध्ये ज्या छोट्या नोंदी ठेवतात त्यांचं. हा प्रश्न मला शेकडो वेळा विचारला गेलाय. तुम्ही दोनदा शोधलंत म्हणून त्याच क्लासचं भाडं चढवलं, असं मी माझ्या कामात कधी बघितलं नाही. बघता बघता भाडं वाढतं त्याची कारणं साधी असतात. त्या क्लासमधली शेवटची सीट कुणीतरी घेतली, किंवा कुणीतरी पेमेंटच्या पानावर धरून ठेवली. धरून ठेवलेली असेल तर ती अर्ध्या तासाने परतही येते आणि भाडं पुन्हा उतरलेलं दिसतं, मग माणूस म्हणतो बघा, इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या हिस्ट्री न ठेवणाऱ्या खिडकीत, उघडलं आणि स्वस्त झालं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. दुसरं कारण म्हणजे तुलना करणाऱ्या साइट्स थोड्या वेळापूर्वी साठवलेलं भाडं दाखवतात, क्लिक केल्यावर खरं भाडं येतं. तिसरं, कंपन्या नवीन भाडी दिवसातून अनेकदा भरतात, तेवढ्यात बदल झालेला असू शकतो. एक मात्र सांगायला हवं, आता कंपन्या २०१२ पासून आलेल्या एनडीसी या तिकीट विकायच्या नव्या पद्धतीने लॉगिन केलेल्या मेंबरला वेगळी ऑफर देऊ शकतात, त्यामुळे लॉगिन करून आणि न करता असं दोन्ही बघायला हरकत नाही. पण त्यासाठी रात्र रात्र हिस्ट्री डिलीट करत बसू नका.

त्यापेक्षा एक गोष्ट नक्की करा, तिच्यामुळे मी बऱ्याच कुटुंबांचे पैसे वाचवलेत. चार जणांचं तिकीट शोधता तेव्हा बहुतेक सिस्टीम चौघांनाही एकाच क्लासमध्ये शोधते. स्वस्त क्लासमध्ये दोनच सीटा उरल्या असतील तर त्या दोन सोडून ती चौघांनाही वरच्या क्लासचं भाडं लावते. आणि स्क्रीनवर असं कुठेही लिहून येत नाही. म्हणून आधी एका माणसाचं शोधा, मग दोघांचं, मग चौघांचं, आणि माणशी भाडं बदलतंय का बघा. बदलत असेल तर दोन दोनचे दोन बुकिंग करा. यात तोटा एवढाच की फ्लाइट रद्द झाली किंवा बदलली तर सिस्टीमसाठी तुम्ही दोन वेगळे ग्रुप असता, तेव्हा लहान मूल एका बुकिंगमध्ये आणि आईवडील दुसऱ्यात असं कधी करू नका, आणि काउंटरला किंवा फोनवर सांगून दोन्ही बुकिंग एकमेकांना जोडून घ्या.

कधी काढायचं? मंगळवारी रात्री काढा हा सल्ला विसरा. त्याच्या मागे पूर्वी थोडं तथ्य होतं, सेल आठवड्याच्या सुरुवातीला जाहीर व्हायचे आणि दुसऱ्या दिवशी बाकीचे त्यांची बरोबरी करायचे, पण आता भाडी दिवसभर हलतात. कुठल्या दिवशी विकत घेता यापेक्षा कुठल्या दिवशी उडता याने फार जास्त फरक पडतो. शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार संध्याकाळ सगळ्यांनाच हवी असते, आठवड्याच्या मधली भल्या पहाटेची फ्लाइट फारशी कुणाला नको असते, एवढं साधं आहे. आणि तारखा मोजायच्याच असतील तर अटींच्या तारखा मोजा. बऱ्याच स्वस्त भाड्यांना २१, १४, ७ किंवा ३ दिवस आधी काढायची अट असते. म्हणजे निघायच्या २२ दिवस आधी दिसणारं भाडं २० दिवस आधी दिसणार नाही, सीटा ढीगभर रिकाम्या असल्या तरी. विचार करायला आज रात्र हवी असेल तर उद्या यातली कुठली रेष ओलांडली जातेय का ते आधी बघा.

परतीच्या, म्हणजे जाऊन-येऊनच्या, तिकिटाचंही तसंच. काही कंपन्या परतीला स्वस्त भाडं देताना मध्ये शनिवारची रात्र तिथे राहायची अट घालतात. कारण कामासाठी जाणारा माणूस शनिवारी घरी परत येतो, फिरायला गेलेला राहतो, त्या एका अटीने दोघे वेगळे होतात. म्हणूनच लांबच्या प्रवासात एका बाजूचं तिकीट कधीकधी परतीच्या तिकिटापेक्षा महाग निघतं, ते चूक नसते. लो कॉस्टवाल्यांकडे बहुधा हे नसतं, दोन बाजूंची दोन भाडी आणि बेरीज. दोन्ही प्रकारे शोधून बघायला पाच मिनिटं लागतात, बघा.

आता लोक विचारतात की अर्ध्या अंतराला अर्धे पैसे का नाहीत. कारण विमानतळावर उतरायची फी, जमिनीवरची माणसं, सामान चढवणं, चेक-इन, हे फ्लाइट एक तासाची असो की पाच तासांची, एकदा लागतंच. वर चढतानाच विमान सगळ्यात जास्त वेगाने इंधन पितं, त्यामुळे छोट्या फ्लाइटला दर किलोमीटरमागे खर्च जास्त येतो. उलट फारच लांबच्या, पंधरा-सतरा तासांच्या फ्लाइटमध्ये दुसरीच अडचण, शेवटच्या तासांचं इंधन सुरुवातीपासून वाहून न्यावं लागतं आणि ते वाहून न्यायलाही इंधन जळतं. एअरलाइनच्या एकूण खर्चात इंधन साधारण पाव हिस्सा, तेल भडकलं की त्याहून वर. आणि इतकं सगळं करून अलीकडच्या चांगल्या वर्षांतही अख्ख्या धंद्याला माणशी निव्वळ नफा सरासरी दहा डॉलरच्या आतच राहिलाय. मी कंपन्यांची वकिली करत नाहीये, त्यांच्या बऱ्याच गोष्टींचा मला राग आहे आणि त्या पुढे येतातच, पण भाडं म्हणजे निव्वळ लूट असं धरून चाललं की माणूस चुकीच्या ठिकाणी पैसे वाचवायला जातो.

तिकिटाची रक्कम कशी बनते तेही उघडून बघत जा. मूळ भाडं, मग विमानतळाच्या फी, सरकारी कर, आणि मध्येच वायक्यू किंवा वायआर असं काहीतरी. हे वायक्यू आणि वायआर करांच्या रांगेत बसलेले असतात म्हणून लोकांना ते सरकारी वाटतात, पण ते कंपनीने स्वतः लावलेले असतात, पूर्वी इंधन अधिभार म्हणायचे, आणि ते पैसे कंपनीच्याच खिशात जातात. मला हे मनापासून खटकतं. जी रक्कम कंपनी घेते ती भाडं म्हणूनच दाखवायला हवी. पॉइंट्स वापरून फुकट तिकीट काढणाऱ्याला धक्का बसतो तो यामुळेच, मूळ भाडं शून्य होतं पण वायक्यू भरावा लागतो. खरे कर मात्र कुठून निघता यावर ठरतात. ब्रिटनमध्ये १९९४ पासून एअर पॅसेंजर ड्युटी आहे, ती तिथून निघणाऱ्याला लागते, तिथे पोचणाऱ्याला नाही, आणि जितकं लांब जाल, जितक्या वरच्या दर्जाच्या केबिनने, म्हणजे बिझनेस वगैरेने, जाल तितकी जास्त. म्हणून तोच प्रवास उलट्या टोकापासून सुरू केला तर वेगळ्या रकमेचा होतो.

बॅगांचं थोडक्यात. २००८ साली तेल भडकलं तेव्हा अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी पहिल्या बॅगेलाही पैसे लावायला सुरुवात केली आणि मग तेल उतरलं तरी ते पैसे गेले नाहीत. तुलना करताना बॅग, सीट, पेमेंटची फी सगळं धरून शेवटच्या पानावरचा आकडा बघा. लांबच्या स्वस्त विमानतळावर उतरत असाल तर तिथून शहरात जायचा खर्चही धरा. आणि बॅग आधीच ऑनलाइन घ्या, दारात घ्याल तर बहुतेक ठिकाणी कितीतरी जास्त जातात.

आता जिथे लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं तिकडे येतो. कनेक्टिंग फ्लाइट बरेचदा डायरेक्टपेक्षा स्वस्त असते, कारण डायरेक्टवाल्या कंपनीकडून गिऱ्हाईक ओढायला दुसऱ्या कंपनीला काहीतरी सूट द्यावीच लागते. इथपर्यंत ठीक. त्यावरून कुणीतरी शक्कल काढतं की मधल्याच शहरात जायचंय, तर पुढच्या शहराचं स्वस्त तिकीट काढायचं आणि मध्येच उतरायचं. एक लक्षात ठेवा, तिकिटातले तुकडे क्रमाने वापरायची अट असते. एक तुकडा सोडलात की पुढचे सगळे, परतीचा धरून, आपोआप कॅन्सल होतात. शिवाय चेक-इन केलेली बॅग शेवटच्या शहरात जाते. हे फक्त चलाखी करणाऱ्यांना भोवतं असंही नाही. काउंटरवर असताना एक वयस्कर गृहस्थ माझ्यासमोर आले होते, जाताना त्यांना मुलाने गाडीने सोडलं म्हणून त्यांनी पहिली फ्लाइट वापरली नव्हती, आपलेच पैसे गेले तर गेले असं समजून. परतीच्या दिवशी तिकीट जिवंतच नव्हतं. त्यांना त्या दिवसाचं भाडं भरून नवीन काढावं लागलं, मी नियम सांगत होतो आणि ते नुसते बघत होते. कुणी एक ओळ मोठ्या अक्षरात छापली असती तर हे टळलं असतं, कंपनीला सांगूनही बघितलं पण ते काही झालं नाही. तेव्हा पहिली फ्लाइट घेणार नसाल तर आधी फोन करा, कधी थोडा फरक भरून तिकीट दुरुस्त होतं, न सांगता सोडलंत तर हातात काही उरत नाही.

दुसरा खड्डा म्हणजे दोन वेगळी स्वस्त तिकिटं जोडून केलेला प्रवास. एका तिकिटावर दोन फ्लाइट असतील आणि पहिली उशिरा आली तर तुम्हाला पुढे पोचवणं कंपनीची जबाबदारी. दोन वेगळी तिकिटं असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त न आलेले प्रवासी, तिकीट गेलं. बॅग घेऊन परत चेक-इन, मध्ये दुसरा देश असेल तर तिथला व्हिसा, हे सगळं तुमच्या डोक्यावर. काही साइट्स असं जोडून एकाच तिकिटासारखं दाखवतात, तेव्हा बुकिंगच्या आधी सेल्फ ट्रान्सफर असं कुठे लिहिलंय का शोधा. मी स्वतः हे करतो ते मध्ये एक पूर्ण रात्र ठेवूनच, आणि दिवसातल्या शेवटच्या फ्लाइटला तर कधीच जोडत नाही.

पैसे भरताना स्क्रीन विचारते की तुमच्या नेहमीच्या चलनात भरायचं का. हो म्हटलंत तर रूपांतराचा दर ते ठरवतात आणि तो सहसा तुमच्या बँकेपेक्षा वाईट असतो, म्हणून भाडं ज्या चलनात आहे त्यातच भरा, फक्त तुमचं कार्ड परदेशी व्यवहाराला किती फी लावतं ते आधी माहीत असू द्या.

अचानक जावं लागणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो, कारण हे सगळं गणित त्यांच्यावर सगळ्यात कठोर आहे. सिस्टीमला शेवटच्या दिवशी येणारा प्रत्येक जण पैसेवाला बिझनेसमन वाटतो, वडील हॉस्पिटलात आहेत म्हणून निघालेली मुलगीही तिला तशीच दिसते. अशा वेळी वेबसाइटवर थांबू नका, कंपनीला फोन करा. काही एअरलाइन्सकडे घरातल्या मृत्यूसाठी किंवा गंभीर आजारासाठी वेगळं भाडं असतं, ते ऑनलाइन बरेचदा दिसतच नाही, कागद नंतर दाखवले तरी चालतात असंही काही ठिकाणी असतं. नसलंच तर जवळच्या दुसऱ्या विमानतळावरून, एका थांब्याने, किंवा परतीची तारीख बदलता येईल असं तिकीट बघा, कारण अशा प्रवासात परत कधी यायचं ते कुणालाच माहीत नसतं आणि बदलता न येणारं स्वस्त तिकीट तिथे दुप्पट महाग पडतं.

आणि तिकीट वापरलंच नाही तर ते नॉन-रिफंडेबल आहे म्हणून सोडून देऊ नका. मूळ भाडं आणि बहुतेक वेळा वायक्यू जातो, पण विमानतळाच्या आणि सरकारच्या ज्या रकमा प्रवास केल्यावरच लागू होतात त्या बऱ्याच ठिकाणी परत मागता येतात, फक्त मागितल्याशिवाय सहसा कुणी देत नाही. छोट्या तिकिटावर त्याच रकमेचा वाटा मोठा असतो. परतफेडीची फी वजा जाऊन काही उरतंय का ते आधी विचारा. अमेरिकेला जाणाऱ्या किंवा तिथून निघणाऱ्या फ्लाइटचं तिकीट एअरलाइनकडूनच आणि निघायच्या किमान ७ दिवस आधी काढलं असेल, तर तिथल्या नियमाप्रमाणे कंपनीला २४ तासांची मुभा द्यावीच लागते, एक तर त्या वेळात कॅन्सल केल्यास पूर्ण पैसे परत किंवा पैसे न भरता भाडं तेवढा वेळ धरून ठेवणं. बाकीकडे बऱ्याच कंपन्या आपणहून अशी सवलत देतात, पण वेळ आणि अटी वेगवेगळ्या. तुमच्या त्या महाग पडलेल्या तिकिटाच्या ईमेलमध्ये खाली फेअर रूल्स म्हणून एक लिंक असेल, ती उघडा, क्लासचं अक्षर कुठलं आहे आणि बदलायला किती लागतात ते बघा. परतीचा प्रवास अजून बाकी असेल आणि त्या दिवशी खालचा क्लास उघडा दिसत असेल तर फोन करून विचारा, बदलाची फी शून्य असलेल्या तिकिटावर भाड्यातला फरक क्रेडिट म्हणून मी स्वतः परत काढून दिलाय.